ताऱ्याच्या पोटात प्रकाश कसा अडतो

तेजोगोल सूर्य हा आतून अपारदर्शक आहे, असे म्हटले तर ऐकणाऱ्यास ते विपरीत वाटेल. अपारदर्शक असते ती भिंत, मडके, फार तर गढूळ पाणी. जो स्वतः प्रकाश देतो तोच प्रकाशाला अडवील कसा? परंतु वस्तुस्थिती तशी आहे खरी. आपल्याला दिसतो तो सूर्याचा काहीशे किलोमीटर जाडीचा वरचा पापुद्रा. त्याखालचे जवळजवळ सात लक्ष किलोमीटर आपल्या दृष्टीस कायमचे बंद आहेत. प्रकाशाला मोकळी वाट मिळती, तर सूर्याच्या केंद्रापासून पृष्ठभागापर्यंत यावयास त्याला २.३ सेकंद पुरले असते. १९९२ साली मिटालस व सिल्स या दोघा शास्त्रज्ञांनी हा हिशेब बारकाईने मांडला, तेव्हा उत्तर आले सुमारे १ लक्ष ७० हजार वर्षे!

हा प्रचंड विलंब लागतो याचे कारण असे की, सूर्याच्या पोटात प्रकाशकणाला सरासरीने एक मिलिमीटरही सरळ जाता येत नाही. तेवढ्यात तो शोषला तरी जातो, नाही तर त्याची दिशा तरी बदलते. पुन्हा बाहेर पडतो तो कोणत्याही दिशेला. जत्रेच्या गर्दीत चुकलेले मूल जसे चार पावले पुढे, तीन मागे, दोन बाजूला असे भटकते, तशी ही वाटचाल असते. अर्थात केंद्रातून निघालेला तोच कण पृष्ठभागावर येतो असे मात्र समजू नये. वाटेत एकाचे दोन, दोनाचे चार असे अधिकाधिक दुबळे कण होत जातात आणि आतला एक प्रखर किरण बाहेर येईतो दृश्य प्रकाशाचे हजारो कण होतो. प्रवास ऊर्जेचा असतो, कणाचा नव्हे.

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत, अहवाल आणि देणगीदारांच्या याद्या यांच्या शेजारी, हा विषय कशाला, असे एखाद्यास वाटेल. आमचे उत्तर एवढेच की, आपल्या न्यासाची विद्यार्थिवृत्ती घेऊन शास्त्र शिकणारी मुले घरोघर आहेत आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनाही शालेय अंकगणिताच्या बळावर हा विषय कळण्याजोगा आहे. शिवाय तो पुरता सुटलेला नाही.

प्रथम या अडथळ्याचे माप कसे घेतात ते पाहू. एक ग्रॅम वायू घेतला आणि तो विरळ पसरून त्यावर प्रकाश टाकला, तर त्यातील सर्व कणांची मिळून जितकी सावली पडेल तितके चौरस सेंटीमीटर ही त्या वायूची अपारदर्शकता. 'दर ग्रॅमला अमुक चौरस सेंटीमीटर' असे ते माप सांगतात. आपल्या डोक्यावरच्या हवेचे उदाहरण घ्यावे. जमिनीच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम हवा उभी असते, तरी ऊन खाली पोचते. याचा अर्थ दृश्य प्रकाशापुरती हवेची अपारदर्शकता दर ग्रॅमला एका चौरस सेंटीमीटरच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी आहे.

आता सूर्याच्या पोटातील किमान अपारदर्शकता काढू. तेथील तपमान लक्षावधी अंश असल्यामुळे हायड्रोजनच्या अणूंचे तुकडे झालेले असतात. इलेक्ट्रॉन एकीकडे, अणुकेंद्रे एकीकडे. प्रत्येक मोकळा इलेक्ट्रॉन प्रकाशाला थोडा विखुरतो. त्याची 'सावली' मोजलेली आहे: ६.६५ भागिले १० चा २५ वा घात, इतके चौरस सेंटीमीटर. एक ग्रॅम हायड्रोजनमध्ये इलेक्ट्रॉन असतात ६.०२ गुणिले १० चा २३ वा घात. दोहोंचा गुणाकार ०.४०. हेलियमच्या एका ग्रॅममध्ये इलेक्ट्रॉन निम्मे, म्हणून ०.२०. सूर्याच्या द्रव्यात वजनाने ७० टक्के हायड्रोजन व बाकी बहुतेक हेलियम धरले, तर ०.७० गुणिले ०.४० अधिक ०.३० गुणिले ०.२०, म्हणजे ०.३४. सूर्याची सरासरी घनता दर घन सेंटीमीटरला १.४ ग्रॅम. ०.३४ ला १.४ ने गुणून त्याने एकास भागले की प्रकाशकणाची सरळ वाट मिळते, ती सुमारे २ सेंटीमीटर. दहावीच्या मुलालाही हे गणित पाच मिनिटांत करता येईल.

परंतु वर आम्ही मिलिमीटरहून कमी म्हटले आणि येथे उत्तर आले दोन सेंटीमीटर. सूर्याचे बहुतेक द्रव्य सरासरीहून दाट अशा आतल्या भागात आहे, हे याचे एक कारण. केंद्रापाशी घनता सरासरीच्या शंभरपट आहे. दुसरे कारण असे की, इलेक्ट्रॉनने विखुरणे हा अडथळ्याचा केवळ एक प्रकार झाला. उरलेले तीन प्रकार अवघड आहेत आणि सारे कष्ट त्यांतच पडतात.

अणू ही एक पायऱ्यांची विहीर समजावी आणि इलेक्ट्रॉन तिच्यातल्या एखाद्या पायरीवर बसलेला आहे असे मानावे. प्रकाशकण आला आणि त्याच्याजवळची ऊर्जा दोन पायऱ्यांतील अंतराशी अगदी तंतोतंत जुळली, तर इलेक्ट्रॉन तो कण गिळून वरच्या पायरीवर जातो. वर्णपटातील काळ्या रेषा उमटतात त्या यामुळे. कणाजवळ पुरेशी ऊर्जा असली तर इलेक्ट्रॉन थेट विहिरीबाहेर फेकला जातो. येथे तंतोतंत जुळण्याची गरज नाही, किमान मर्यादा ओलांडली म्हणजे झाले. तिसऱ्या प्रकारात विहिरीबाहेर हिंडणारा इलेक्ट्रॉन एखाद्या अणुकेंद्राच्या शेजारून जाताना प्रकाशकण शोषून अधिक वेगवान होतो. एकट्या, निराधार इलेक्ट्रॉनला कण असा गिळता येत नाही. धक्का सोसायला जवळ केंद्र लागते.

हे सारे मोजायचे तर आधी कोणत्या अणूचे किती इलेक्ट्रॉन शिल्लक आहेत आणि कोणत्या पायरीवर आहेत हे कळले पाहिजे. ही किल्ली १९२० साली मेघनाद साहा यांनी दिली. तपमान व दाब सांगितले की अणूंपैकी किती शाबूत आणि किती फुटलेले, हे त्यांच्या समीकरणावरून निघते. पाश्चात्त्य देशांत पुढे या विषयात जे झाले त्याचा पाया हा आहे, आणि तो आपल्या देशातील माणसाने घातला, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

१९२३ साली हॉलंडचे क्रामर्स यांनी शोषणाचे एक सूत्र दिले. त्यावरून असे निघाले की, घनता वाढेल त्या प्रमाणात ही अपारदर्शकता वाढते आणि तपमान वाढले की ती झपाट्याने उतरते. तपमान दुप्पट झाले तर अपारदर्शकता अकराव्या हिश्शाच्या आसपास येते! इंग्लंडात एडिंग्टन यांनी हे सूत्र ताऱ्यांस लावून पाहिले. ताऱ्याच्या आत ऊर्जा कशी निर्माण होते हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही तारा किती तेजस्वी असेल हे सांगता येते, असे त्यांनी दाखवले. कारण तेज ठरते ते ऊर्जा किती सहज निसटते यावर. गोधडी जाड की पातळ, यावर आतली ऊब ठरते, तसेच हे. परंतु हिशेब जुळेना. ताऱ्यांच्या तेजावरून काढलेली अपारदर्शकता आणि अणुशास्त्राने सांगितलेली अपारदर्शकता यांत सुमारे दहापट अंतर पडले.

चूक सूत्रात नव्हती, तारा कशाचा बनला आहे याविषयीच्या समजुतीत होती. पृथ्वीप्रमाणेच ताऱ्यांतही लोखंडासारखी जड द्रव्ये मुख्य असावीत, असे त्या काळी धरून चालत. १९२५ साली सेसिलिया पेन या तरुण विदुषीने साहांचे समीकरण वापरून ताऱ्यांच्या वर्णपटांवरून हायड्रोजन अतोनात असल्याचे काढले होते. पण वडीलधाऱ्या शास्त्रज्ञांच्या मताखातर तिला आपल्याच प्रबंधात ते उत्तर बहुधा खरे नसावे असे लिहावे लागले. १९३२ साली डेन्मार्कचे स्ट्रोमग्रेन आणि स्वतः एडिंग्टन यांनी दाखवले की, ताऱ्यात हायड्रोजन भरपूर धरला तर दहापटीचे अंतर मिटते. ताऱ्याचे पोट कोणी फाडून पाहिले नाही. प्रकाश किती अडतो, एवढ्यावरून आत काय आहे ते ओळखले गेले. आमच्या मते या साऱ्या विषयाचे मर्म येथेच आहे.

सूर्याच्या पृष्ठभागाची गोष्ट निराळी आहे. तेथील वायू आपल्या हवेपेक्षा हजारो पटींनी विरळ, आणि तपमान सहा हजार अंशांच्या आत; मग तो अपारदर्शक कशाने? १९३९ साली विल्ट यांनी सुचवले की, हायड्रोजनचा अणू एक जादा इलेक्ट्रॉन चिकटवून घेतो आणि हा सैलसा चिकटलेला इलेक्ट्रॉन दृश्य प्रकाशाने सहज सुटतो. असे अणू फार थोडे असतात, तरी शोषण त्यांचेच. त्याचे अवघड गणित १९४० नंतरच्या वर्षांत सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी तडीस नेले. जादा इलेक्ट्रॉन पुरवतात सोडियम, कॅल्शियम, लोखंड यांसारखी अत्यल्प प्रमाणातील मूलद्रव्ये.

येथवर आपण अपारदर्शकता हा जणू एकच आकडा आहे असे बोललो. वास्तविक प्रत्येक तरंगलांबीला ती वेगळी असते. एखाद्या रेषेवर ती प्रचंड, शेजारच्या मोकळ्या फटीत नगण्य. मग साऱ्यांचा मिळून एक आकडा काढावा कसा? नॉर्वेचे रॉसलँड यांनी १९२४ साली याची रीत घालून दिली. ती समजावयास शाळेतले एक जुने उदाहरण आठवावे. गाडी जाताना ताशी ६० किलोमीटर आणि त्याच रस्त्याने येताना ताशी ३० किलोमीटर चालली, तर सरासरी वेग किती? घाईने मुलगा म्हणतो ४५. बरोबर उत्तर ४०. येथे आकड्यांची नव्हे, त्यांच्या व्यस्तांची सरासरी घ्यावी लागते. प्रकाशाचेही असेच आहे. देवळाच्या सभामंडपाला दहा दारे असून नऊ बंद व एक सताड उघडे असले, तर गर्दी बाहेर पडते ती त्या एका दारातून. बंद दारांना किती कुलपे आहेत याला महत्त्व राहत नाही.

आकड्यांत पाहू. वर्णपटाचे सारख्या महत्त्वाचे दोनच भाग कल्पावे. एकात अपारदर्शकता १, दुसऱ्यात १००. साधी सरासरी ५०.५. रॉसलँडच्या रीतीने दोन भागिले १.०१, म्हणजे दोहोंहून किंचित कमी. आता पहिल्या भागातील मोकळी फट थोडी बुजली आणि तेथे १ ऐवजी १० झाले असे समजा. साधी सरासरी ५०.५ वरून ५५ होईल, कोणाच्या लक्षातही येणार नाही. रॉसलँडची सरासरी मात्र दोनावरून एकदम १८ वर जाते! याचा अर्थ, ताऱ्याची गोधडी ठरते ती मोठ्या रेषांनी नव्हे, तर फटी किती बुजल्या यावरून. (प्रत्यक्षात सर्व तरंगलांबींना सारखे वजन देत नाहीत, त्या तपमानाला ज्या किरणांतून ऊर्जा जास्त वाहते त्यांना अधिक देतात.)

आणि फटी बुजवण्यात लोखंडाचा हात कोणी धरू शकत नाही. सूर्यात एक लक्ष हायड्रोजनच्या अणूंमागे लोखंडाचे अणू जेमतेम तीन. पण लोखंडाला इलेक्ट्रॉन २६. त्यांतले काही निघून गेले तरी उरलेल्यांच्या पायऱ्यांची इतकी गुंतागुंत होते की, रेषा लाखोंनी मोजाव्या लागतात. त्या एकमेकींत मिसळून फटी भरून टाकतात. १९८० पूर्वीच्या कोष्टकांत त्यांतील पुष्कळ रेषा वगळलेल्या होत्या, कारण तेवढे गणित करण्याची सोय नव्हती.

याचा परिणाम आकाशात दिसत होता. काही तारे नियमित फुगतात व आकसतात, त्यांच्या दोन प्रकारच्या आंदोलनांचे प्रमाण गणिताशी जुळत नव्हते. वृषपर्वा मंडलातील बीटा या ताऱ्याच्या जातीचे तारे तर का स्पंद पावतात हेच समजत नव्हते. १९८२ साली नॉर्मन सायमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक लहानसा लेख लिहून विनंती केली की, जड मूलद्रव्यांची अपारदर्शकता पुन्हा तपासा; ती दोन-तीनपट वाढली तर या दोन्ही अडचणी सुटतील. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर प्रयोगशाळेत रॉजर्स व इग्लेसियास यांनी ते काम अंगावर घेतले. १९८४ पासून मायकेल सीटन यांच्या नेतृत्वाखाली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे तेच सुरू केले. १९९०–९५ च्या दरम्यान दोन्हींचे निकाल आले. तपमान दोन लक्ष अंशांच्या सुमारास असता लोखंडामुळे अपारदर्शकता जुन्या कोष्टकांहून खरोखरच दोन ते तीनपट निघाली आणि त्या ताऱ्यांची स्पंदने १९९२ पासून समजू लागली. सायमन यांनी ताऱ्याकडे पाहून अणूविषयी भाकीत केले होते, ते खरे ठरले.

दोन स्वतंत्र गटांचे आकडे बहुतेक ठिकाणी पाच-दहा टक्क्यांच्या आत जुळले, तेव्हा विषय संपला असे सर्वांस वाटले. पण न्यासाचे हिशेब ज्यांनी तपासले आहेत ते जाणतात की, दोन कारकुनांच्या वह्या जुळल्या म्हणजे मूळ पावती बरोबर असतेच असे नाही. पावती पाहावी लागते.

ती पाहण्याची वेळ २००५ नंतर आली. सूर्याच्या पृष्ठभागावरील ऑक्सिजन, कार्बन आदी मूलद्रव्यांचे प्रमाण आस्प्लुंड व त्यांचे सहकारी यांनी नव्याने मोजले, ते पूर्वीपेक्षा बरेच कमी भरले. २००९ च्या मापनात हायड्रोजन व हेलियम सोडून इतर सर्व द्रव्यांचा वाटा वजनाने १.३४ टक्के आला. त्याआधी तो सुमारे १.७ टक्के धरीत. जड द्रव्ये कमी, म्हणून अपारदर्शकता कमी. तसा सूर्य गणिताने रचला तर तो सूर्याच्या कंपनांवरून कळलेल्या सूर्याशी जुळत नाही. सूर्याच्या आतील भागात ऊर्जा प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, वाहते. बाहेरच्या भागात वायूच उकळल्यासारखा वरखाली होतो. या दोहोंची सीमा कंपनांवरून त्रिज्येच्या ०.७१३ पट अंतरावर ठरली आहे. नव्या गणितात ती सरकते. त्या सीमेपाशी अपारदर्शकता १५ टक्क्यांच्या आसपास वाढवली तर मात्र सारे पुन्हा जुळते.

तेव्हा अमेरिकेत न्यू मेक्सिकोतील सँडिया प्रयोगशाळेत जेम्स बेली व सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजण्याचे ठरवले. तेथील 'झेड' नावाच्या यंत्रात क्षणभर प्रचंड विद्युत्प्रवाह सोडून क्षकिरणांचा झोत निर्माण करतात. त्याने लोखंडाचा अगदी चिमुकला नमुना १९ ते २३ लक्ष अंशांपर्यंत तापवला आणि त्यातून किती किरण पार होतात ते पाहिले. सीमेपाशी सूर्यात असतात जवळपास तशीच ही परिस्थिती, आणि तेथील अपारदर्शकतेत लोखंडाचा वाटा सुमारे चौथाई. २०१५ साली निकाल प्रसिद्ध झाला: तरंगलांबीप्रमाणे लोखंडाचे शोषण कोष्टकांहून ३० ते ४०० टक्क्यांनी अधिक! सूर्याच्या एकंदर मिश्रणाच्या रॉसलँड-सरासरीत ही वाढ सात टक्क्यांच्या आसपास भरते, म्हणजे हव्या असलेल्या वाढीच्या साधारण निम्मी. २०१९ साली त्याच यंत्रावर क्रोमियम, लोखंड व निकेल ही तिन्ही पडताळली. लहान तरंगलांबींच्या भागात क्रोमियम व निकेल गणिताशी जुळले. लोखंड जुळले नाही. दुसरीकडे २०२२ साली जर्मनीतील संशोधकांनी पृष्ठभागाचे वर्णपट पुन्हा वाचून जड द्रव्यांचे प्रमाण पूर्वीसारखेच जास्त असल्याचे सांगितले. म्हणजे गणित चुकते आहे, प्रयोग चुकतो आहे, की सूर्याची घटकद्रव्येच आपण चुकीची लिहिली आहेत, याचा निवाडा व्हावयाचा आहे. इतर सर्व ताऱ्यांची वये व घटना आपण सूर्याच्या गजाने मोजतो, म्हणून हा गज किती लांबीचा आहे हे कळणे निकडीचे आहे.

विद्यार्थ्यांनी सोडवून पाहावे असे एक उदाहरण देतो. वर्णपटाचे सारख्या वजनाचे तीन भाग असून त्यांत अपारदर्शकता २, २० व २०० आहे. तिन्हींच्या व्यस्तांची बेरीज करून तिने तीनास भागले असता रॉसलँडची सरासरी ५.४१ येते. आता २०० च्या जागी ४०० घ्या आणि पुन्हा मांडा. मग २०० तसेच ठेवून २ च्या जागी ३ घ्या. पहिले उत्तर ५.४३ आणि दुसरे ७.७३ यावयास हवे.